आधी एक दुपार आपण काढावी

बातमी आली तेव्हा मी गोंदियात छापखान्यात उभी होते. पत्रकांचा गठ्ठा नुकताच हातात आला होता, शाई ओली होती आणि छापखान्याचे चाचा ओरडत होते, "अरे बेटी, सूखने तो दो, सब फैला दोगी!" तेवढ्यात प्रज्ञाताईचा फोन. प्रज्ञाताई म्हणजे विमलबाईंची मुलगी, नागपूरला बँकेत नोकरीला. एवढंच म्हणाली, "आई गेली." आणि मी विचारलं, "कुठं?" ... पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला शब्द कळतात असा माझा तोवर समज होता. चारच दिवसांपूर्वी बाईंनी दवाखान्यातून फोन करून मला झापलं होतं. खोल्यांसमोरची नाली साफ झाली का, चार नंबरवाल्याचा नळ गळत होता त्याचं काय झालं, आणि शेवटी, "माह्या पाशी येऊ नोको. इथं आधीच गर्दी आहे, नर्सायले काम करू दे." मी नाही गेले. बाईंचं निमूट ऐकायची बुद्धी मला नेमकी त्याच वेळी झाली.

विमल गजभिये. सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त नर्स, तिरोड्यात एका रांगेतल्या चार खोल्यांच्या मालकीण. रांगेच्या तोंडाशी त्यांची स्वतःची पुढची खोली आणि मागे स्वयंपाकघर. तीन नंबरच्या खोलीत चार वर्षांपासून मी राहते. म्हणजे त्या माझ्या घरमालकीण. हा शब्द मी आजवर शिवीसारखा वापरत आले आणि सगळ्यांच्या बाबतीत परत घेणार नाही, ज्यांना तो लागू आहे त्यांना तो लागूच राहील. पण बाईंना जाऊन आता सहा आठवडे झाले, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि मला हे लिहायला बसलंच पाहिजे. कारण त्यांच्याबद्दल मी एकदा छापलं होतं आणि ते खोटं होतं. छापूनच दुरुस्त करीन असं मी त्यांना कबूल केलं होतं. त्या होत्या तोवर केलं नाही.

तिरोड्यात मी आले ती संघटनेच्या कामासाठी. वीजप्रकल्पाच्या आधारानं पोट भरायला बाहेरगावाहून माणसं येतात, मिळेल तिथं राहतात, आणि त्यांच्या राहण्याचा प्रश्न हा कुणालाच प्रश्न वाटत नाही. त्यावर लोकांना जागं करायचं होतं. पण आधी मलाच खोली मिळेना! मी नवेगाव बांधची, ढिवराची पोरगी. बाप तळ्यावर मासे धरतो. खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न आडनाव. दुसरा लग्न. तिसरा, भेटायला कोण कोण येणार. या तिन्हींतून पार पडलंच तर चौथा, "मच्छी तर नाही ना करत?" एक काकू फार गोड बोलल्या. "तुम्ही चांगल्या घरच्या वाटता हो, पण वास भिंतीत बसतो." म्हणजे बांधाच्या तळ्याच्या पाण्यावर पिकलेला तांदूळ यांना चालतो, त्याच पाण्यातला मासा मात्र भिंतीत बसतो. असो. असो म्हणायची मला सवय नाही, पण पुढं जायचं आहे.

कुणीतरी म्हणालं, नर्सबाईकडे विचार. फोन केला तर पलीकडून आवाज आला, "दुपारी दोन वाजता ये." मे महिना होता. तिरोड्यातला मे ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको, त्या वेळी कुत्रंसुद्धा नालीतून बाहेर येत नाही. मी म्हटलं, "सकाळी आले तर चालेल का?" "सकाळी कोणतीबी खोली बरीच वाटते," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गेले. पांढरं लुगडं, डोळ्यांवर जाड चष्मा, हातात किल्ली. दार उघडून दिलं, एक तट्ट्या, बांबूची चटई, अंथरला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, "बस अर्धा घंटा. मी बाहेर आहे. जीव घाबरला त सांग, नाही घाबरला त घे." मी बसले. कवेलूचं, म्हणजे कौलांचं, उंच छत, त्याखाली बांबूची ताटी, समोरासमोर दोन खिडक्या. गरम होतंच, पण झेपेल असं गरम. बाहेर आले तर बाईंचे प्रश्न सुरू झाले. काम कोणतं? येणं-जाणं किती वाजता? एकटीच, का सोबत कोणी? ना आडनाव, ना लग्न. मग म्हणाल्या, "आन् खातेस काय?" हं, आलं, म्हटलं. मी कंबर बांधून उत्तर दिलं, "मच्छी खाते. रोज!" हे खोटं होतं, रोज मासे खायची माझी ऐपत नव्हती. बाई शांतपणे म्हणाल्या, "मंग काटे मोरीत नोको टाकू, मोरी तुंबते. कागदात बांधून टाक. आन् करताना मागची खिडकी उघड, वारा तिकडूनच बाहेर जाते. म्या मिस्त्रीले तशीच काढाले लावली होती." मी भांडायला आले होते आणि बाईंनी मला मोरीचं शास्त्र सांगितलं. भांडायला काही उरलंच नाही... तेवढ्यासाठी मला त्यांचा त्या दिवशी थोडा रागही आला.

मग कागद. बाई चष्मा पुसून खोलीभर फिरल्या, मला सोबत फिरवलं आणि आरोग्य उपकेंद्राच्या नोंदवहीत बाळंतपणं लिहावीत तशा अक्षरात लिहीत गेल्या. पूर्वेच्या भिंतीला चीर, एक हात. नळाची चकती ढिली. बल्ब दोन, चालू. खिडकीची काच एक फुटकी, मालकीण बदलून देईल. दाराला आतून कडी, पक्की. खाली दोघींच्या सह्या, दोन प्रती, एक मला. मी विचारलं, एवढं कशाला? "उद्या तू खोली सोडशीन, तवा चीर आधीची का तुही, हे ना मले आठवन ना तुले. मंग दोघीबी खऱ्या आन् दोघीबी भांडकुदळ." शेवटी दुसरी किल्ली त्यांनी एका लखोट्यात घातली, गोंद लावला आणि तोंडावर माझी आडवी सही घेतली. "तू आत बेसुद्ध पडली, नाहीतर आग लागली, तवाच फोडीन. फोडला त त्याच दिवशी तुले सांगीन." मी सही केली आणि मनात म्हटलं, म्हातारी नाटकी आहे.

नाटकी नव्हत्या. का नव्हत्या ते मला एका पावसाळी संध्याकाळी कळलं. पुढच्या खोलीत आम्ही चहा पीत बसलो होतो. पलंगाखाली त्यांची नोकरीच्या काळातली लोखंडी पेटी होती, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव. मी पाय लांब केले आणि अंगठा पेटीवर आपटला. "हळू. ते माही जुनी चौकीदार आहे," बाई म्हणाल्या. चोरखमाऱ्याकडच्या एका गावात त्यांची पहिली नेमणूक झाली होती. बाळंतपणाला अडलेल्या बाईच्या घरून कोणत्याही वेळी बोलावणं यायचं, बाई धावत जायच्या, पण राहायला खोली कुणी देईना. आडनाव आडवं यायचं. शेवटी एकानं धानाची रिकामी कोठी दिली. टिनाचं छत, खिडकी नाही, आणि दाराला कडी होती ती फक्त बाहेरून. धान काय आतून कडी लावून घेते का! "दीड वर्ष हेच पेटी दाराले लावून झोपलो. पेटी सरकली का मी जागी. त्याच्याच घरच्या दोन सुनायचे लेकरं माह्या हातानं जन्मले वो, पण त्या दाराले आतून कडी लागली नाही. तो मालक वाईट नोव्हता, हे ध्यानात घे. तो त्या कोठीत कधी बसलाच नोव्हता."

त्यातूनच त्यांची एक रीत आली असावी. खोली रिकामी झाली की नवा भाडेकरू येण्याआधी बाई स्वतः तिथं एक अख्खी दुपार काढायच्या. तट्ट्या, तांब्या, बस. झोपायचं, उठायचं, मोरीवर जायचं, कडी लावायची, काढायची, नळ सोडायचा, उगाच बसून राहायचं. ऊन कोणत्या खिडकीतून अंगावर येतं, नालीचा वास किती वाजता उठतो, शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येतं का. जे खटकेल ते आधी दुरुस्त, मग खोली द्यायची. "ज्या खोलीत आपल्याच्यानं एक दुपार निघत नाही, ते खोली दुसऱ्याले वर्षभरासाठी कायले द्यावं?" हे त्या कुणालाही सांगायच्या. आजूबाजूला नव्या खोल्या बांधणारे लोक त्यांच्याकडे सल्ल्याला यायचे. शेजारचे पटले मास्तर निवृत्तीनंतर दोन खोल्या बांधून बसले होते. एकदा अभिमानानं म्हणाले, "बाई, मी त रोज सकाळी जाऊन पाहतो, खोली साफ ठेवली का नाही." बाई म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही खोली भाड्यानं देली, का वर्ग भरवून राहिले?" मास्तरांचा चेहरा पडला. मग बाईंनीच समजावलं. खोली आपली, पण घर त्याचं. जायचंच असेल तर आदल्या दिवशी सांगावं, दार वाजवावं, आणि तो ये म्हणेपर्यंत उंबऱ्याच्या बाहेर थांबावं. भाडेकरूनं नळ गळतो म्हणून सांगितलं तर कपाळाला आठ्या घालू नये, तो आपल्या भिंतीची राखण करून राहिला. रात्रपाळीवाल्याला मागची, निंबाच्या सावलीतली खोली द्यावी, आणि दिवसा त्याच्या दारासमोर मसाला कुटायला बसू नये. मास्तर वहीत लिहून घ्यायचे. मी बाजूला बसून हसायचे. मला वाटायचं, वा! शोषण करा, पण नीट करा!

आता त्या पत्रकाकडे येते. मला आणखी लांबवता येईल, पण बाईंनी डोळे वटारले असते.

दोन वर्षांपूर्वी मी संघटनेच्या एका धरणे आंदोलनासाठी पंधरा दिवस गोंदियात होते. परतले तेव्हा दुपार होती. माझ्या खोलीकडे जाताना दोन नंबरचं दार अर्धवट उघडं दिसलं. तिथं बालाघाटकडचा एक फिटर राहायचा. आत बघते तर भिंतीवर त्याचं कॅलेंडर आणि खाली तट्ट्यावर विमलबाई आरामात आडव्या! माझ्या डोक्यात तिडीक गेली. माणूस कामावर गेला आणि मालकीण त्याच्या खोलीत लोळते आहे? मी काही बोलले नाही. विचारलं नाही. आम्हाला शिकवलं होतं की पत्रकात 'बहुधा' आणि 'कदाचित' लिहायचं नाही, वाक्य सरळ घाव घालणारं पाहिजे. घर भाड्यानं देणाऱ्यांवरचं पत्रक तयारच होतं, त्यात मी तिसरी ओळ घातली: 'भाडेकरू कामावर गेले की दुसऱ्या किल्लीनं त्यांच्या खोल्यांत शिरून पथाऱ्या पसरणाऱ्या, समाजसेविका म्हणून मिरवणाऱ्या मालकिणीही या गावात आहेत.' नाव लिहिलं नव्हतं. नावाची गरज होती का? तिरोड्यात समाजसेविका म्हणाव्यात अशा मालकिणी आहेत तरी किती! बसस्टँडवर, बाजारात, चहाच्या टपऱ्यांवर मी ते पत्रक स्वतःच्या हातानं वाटलं.

तिसऱ्या दिवशी बाई माझ्या दाराशी आल्या. उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहून त्यांनी दार वाजवलं. हातात माझं पत्रक, त्यावर लाल पेनानं दुरुस्त्या. "शोषन नाही, शोषण. हे तरी नीट लिहीत जा, पत्रकवाली." मग म्हणाल्या, "तिसऱ्या ओळीतली मीच ना?" मी म्हटलं, हो, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा बाईंनी सांगितलं की फिटर आठ दिवसांपूर्वीच खोली सोडून गावी गेला होता, कॅलेंडर तेवढं राहून गेलं. नवा माणूस यायचा होता म्हणून त्या आपली दुपार काढत होत्या. मग त्यांनी पदराखालून एक लखोटा काढून माझ्या हातात दिला. "हे सही तुहीच आहे ना?" माझीच होती, गोंदावरून आडवी गेलेली, कुठं केसभरही फाटलेली नाही. मी दारात उभी, त्या बाहेर. "तुले पुसाचं होतं त मी काही लांब नोव्हती. दहा पावलं. काऊन नाही पुसलं वो?"

मी माफी मागितली. बाईंनी हात झटकला. "मले माफी मागून का फायदा? मले त आधीच माहीत होतं मी काय केलं ते. ज्यायनं वाचलं त्यायले सांग. जसं छापलं तसंच छापून सांग." मी म्हटलं, पुढच्याच पत्रकात. शब्द दिला.

नुकसान झालं होतंच. दोन नंबरची खोली एका मुलीला द्यायची ठरली होती. खासगी लॅबमध्ये रक्ततपासणी शिकायला आलेली, आमगावकडची, पहिल्यांदाच घर सोडलेली. तिनं टपरीवर माझं पत्रक वाचलं आणि बाईंना निरोप पाठवला, नको. ती बसस्टँडमागं कुठंतरी राहायला गेली. खोली रिकामी राहिली त्याबद्दल बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांना खात राहिलं ते दुसरंच. एक दिवस दवाखान्यात ओळखीच्या नर्सला भेटायला गेल्या, तिथं ती मुलगी दिसली, आणि बाईंनी तिला सरळ विचारलं, "खोलीले आतून कडी आहे का?" नव्हती. मालकाला तिनं दोनदा सांगितलं होतं, मालक म्हणाला होता, बघू. मुलगी दाराला दोरी बांधून झोपत होती.

त्या दिवशी तिरोडा बंद होता. बंद आमच्याच संघटनेनं पुकारला होता, शटर एकजात खाली, आणि मी घोषणा देऊन घसा बसवून संध्याकाळच्या आत घरी परतत होते. बाई वाटेत भेटल्या. मागं सायकल ढकलत सुतार, बाईंच्या हातात पिशवी. मी विचारलं, कुठं निघालात? "तुह्या पत्रकानं ज्या पोरीले भेव घातलं, तिच्या दाराले कडी लावाले." "पण दुकानं तर सगळी बंद. कडी कुठून आणली?" "होती घरात," बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या. नंतर सुतारानं सांगितलं की त्या परक्या घरमालकासमोर उभं राहून बाईंनी चारही स्क्रू स्वतः मोजून बसवून घेतले. तो माणूस 'मावशी, कायले त्रास घेता' म्हणत राहिला. बाई म्हणाल्या, "त्रास नाही होत मले. तुम्ही एक दुपार या खोलीत आतून बसून पाहा, म्हणजे तुमाले होईन." दुसऱ्याच्या घराला कडी लावणारी घरमालकीण! मी हे आमच्या बैठकीत सांगितलं, सगळे हसले. मीही हसले. आणि दुरुस्ती छापायचा विषय काढला तेव्हा एक वरिष्ठ साथी म्हणाले, "पत्रक म्हणजे माफीनामा नसतो, विरोधकांच्या हाती कोलीत द्यायचं नाही." मला ते पटलं असं नाही. सोयीचं वाटलं. पुढच्या वेळी, मग त्याच्या पुढच्या वेळी... दोन वर्षांत मी किती पत्रकं लिहिली, एकातही चार ओळींची जागा निघाली नाही.

बाईंनी पुन्हा कधी आठवण केली नाही. उलट त्याच काळात आमचं खरं गूळपीठ जमलं. दुपारी त्या सांगायच्या आणि मी वहीत लिहायचे. खोली देणाऱ्यांसाठी एक साधं पत्रक काढावं असं त्यांच्या मनात होतं. "तू मालकायले शिव्या देतेस. बरोबर आहे, काही जणायले द्याच लागते. पण शिव्या देऊन त्याले हे समजते का, का कुलरची खिडकी कोणत्या अंगाले ठेवाची? अर्धे मालक वाईट नाहीत वो, अर्धे आळशी आहेत. त्यायले सांगणारं कोणी नाही." मी म्हणायचे, "बाई, मी घरमालकांचं पत्रक लिहिलं तर मला संघटनेतून काढतील." "मंग येजो माह्याकडे, चार नंबर देतो तुले. सावलीतली." आणि तोंडावर पदर घेऊन हसायच्या. मी बांधावरून आलेली मासळी त्यांना नेऊन द्यायचे, आणि त्या प्रत्येक वेळी विचारायच्या, काटे कुठं टाकले? पुढच्या खोलीचं दार दिवसभर सताड उघडं असायचं, भिंतीला टेकलेलं. पेटी पलंगाखालून निघून दाराजवळ आली होती. मला वाटलं आल्यागेल्याला बसायला असेल. मीच कितीतरी वेळा तिच्यावर बसून चहा प्याले.

बाई गेल्यावर प्रज्ञाताई महिना-दीड महिना राहिली. तिला नागपूर सोडणं शक्य नाही. पुढची खोली बंद ठेवली तर वाळवी लागेल, म्हणून तीही भाड्यानं द्यायची ठरली. शाळेत नव्यानं लागलेल्या एका बाई बघूनही गेल्या. मग प्रज्ञाताई माझ्या दाराशी आली, वाजवलं, बाहेर थांबली. आईचीच मुलगी. म्हणाली, "आईच्या खोलीत कोणी दुपार काढलीच नाही गं. ती तिथंच राहायची, तर काढणार कोण? आपण दोघी बसू." तट्ट्या घेतला, तांब्या घेतला. दोन वाजता आम्ही आत गेलो, तिनं दार लोटलं आणि सवयीनं कडीला हात घातला.

कडी नव्हती. दाराच्या आतल्या बाजूला कडीच्या आकाराचा फिका पट्टा होता, भोवती हिरवा रंग, आणि चार भोकं. प्रज्ञाताई म्हणाली, "अगं, इथं पितळी होती. बाबांनी बसवलेली." मला बंदच्या दिवशीची बाईंच्या हातातली पिशवी आठवली. खाली बघितलं. लोखंडी पेटी दाराजवळच होती, आणि पेटीपासून दारापर्यंत फरशीवर एक ओरखडा गेला होता... एकदा ओढून पडतो तसा नाही, रोज ओढून, रोज परत सारून पडतो तसा.

त्या बंदच्या दुसऱ्या दिवशी दुकानं उघडी होतीच. त्याच्या दुसऱ्या दिवशीही होती. बाई कुणाच्याही खोलीचा नळ दुसऱ्या दिवसावर जाऊ देत नसत, स्वतःची कडी मात्र दोन वर्षं राहून गेली. का, ते मला माहीत नाही आणि त्यांच्या वतीनं मी आता काही रचणार नाही. एकदा रचलं तेवढं पुरे. आम्ही दोघी त्या दाराला पाठ लावून बसून राहिलो. ऊन कोणत्या खिडकीतून येतं ते बघायचं होतं, ते आम्ही बघितलं नाही. पुन्हा एक दुपार काढावी लागली.

तर, ज्यांनी दोन वर्षांपूर्वी तिरोड्यात आमचं पत्रक वाचलं असेल त्यांच्यासाठी: त्यातली तिसरी ओळ खोटी होती. ती मी लिहिली होती. विमल गजभिये कुणाच्याही खोलीत दुसऱ्या किल्लीनं कधी शिरल्या नाहीत. माझ्या खोलीची ती किल्ली आजही लखोट्यात आहे आणि लखोटा फुटलेला नाही. संघटनेला हे छापायचं नसेल तर नको, म्हणून मी इथं लिहिते आहे. आणि ज्यांच्याकडे भाड्यानं द्यायच्या एक-दोन खोल्या आहेत त्यांना, आयुष्यात पहिल्यांदाच शिवी न देता, एवढंच सांगते की आधी एक दुपार आपण काढा. दार आतून लावून.

पुढच्या खोलीला नवी कडी मी आणली. सुतार तोच. जुनी भोकं लाकडाचा भुसा आणि गोंद भरून बुजवली. पेटी प्रज्ञाताई नागपूरला नेणार होती, मग म्हणाली, राहू दे, पलंगाखाली असू दे, त्या बाईंना अडचण नसेल तर. मागच्या रविवारी शाळेतल्या त्या बाई सामान घेऊन आल्या. प्रज्ञाताईनं आईचा चष्मा नव्हे, पण आईचं लिहायचं पॅड घेतलं, आम्ही तिघी खोलीभर फिरलो, आणि तिनं दोन प्रतींत लिहिलं. बल्ब तीन, चालू. खिडक्या दोन, काचा शाबूत. नळ ठीक. दाराला आतून कडी, नवी. मग ती थांबली, खाली वाकली, हातानं फरशी पुसून पाहिली आणि पुढची ओळ लिहिली. मी तिच्या खांद्यावरून वाचली: दारामागे फरशीवर पेटी ओढल्याचा ओरखडा, दीड हात. आधीपासूनचा आहे. राहणाऱ्याची जबाबदारी नाही.